जोखमीचं अर्धं पान

"खाली दिलेल्या जागेत," पुतणीने चष्मा वर ढकलत वाचलं, "आपला व्यवसाय बुडवू शकतील अशा सर्व गोष्टी लिहा."

"जागा किती सोडलीय?" अण्णांनी विचारलं.

"अर्धं पान."

"अर्ध्या पानात बुडतो होय धंदा? ह्या विमावाल्यांनी जन्मात कधी धंदा केलेला दिसत नाही."

शनिवारची दुपार होती. कामगार बाराला घरी गेले होते, पाकिटं बंद करायची यंत्रं गप्प होती, आणि ज्या लांबलचक स्टीलच्या टेबलावर एरवी भाजलेल्या बिया नि अक्रोड-बदाम भरले जात, त्याच्याभोवती आज सगळं घर बसलं होतं. एका टोकाला अण्णा. वय चौऱ्याऐंशी, कान अधू, जीभ शाबूत. बेचाळीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं खाणं बंद केलं, त्या रागात त्यांनी घरच्या तव्यावर सूर्यफुलाच्या बिया भाजायला घेतल्या, आणि त्या तव्याचा पुढे हा कारखाना झाला. त्यांच्या उजव्या हाताला दादा, त्यांचा मुलगा, ज्याच्या नुसत्या बोलण्यावर निम्मा माल खपत असे. समोर वहिनी, दादाची बायको. गोदाम आणि पाकिटं तिच्याकडे. मध्ये त्यांची वकील मुलगी, तीच ही पुतणी, पुढ्यात विम्याचा अर्ज घेऊन.

आणि दुसऱ्या टोकाला दादाची बहीण, आत्या. पुतणी आत्या म्हणे म्हणून कामगारही म्हणू लागले, मग माल आणणारे ड्रायव्हरही. भाजायचा मोठा फिरता ढोल गेली एकतीस वर्षं तिच्या ताब्यात होता. शेजारी तिचा नवरा, म्हणजे आतोबा, शाळेतून निवृत्त झालेला संगीत शिक्षक. घरच्या मालाला तो कधी हात लावायचा नाही. त्याच्या कोटाच्या खिशात कायम केकचा तुकडा असे, आणि तो तिथे नाही असं मानायचं घरात ठरलेलं होतं.

आज जमायचं कारण मोठं होतं. साडेतीनशे दुकानांची एक साखळी त्यांची पाकिटं ठेवायला तयार झाली होती. अट एकच: विमा हवा. आणि विमा हवा तर हा अर्ज भरून सोमवारी द्यायला हवा.

"सांगा," पुतणी म्हणाली. "काय काय बुडवू शकतं आपल्याला?"

"बदामाचा भाव," दादा म्हणाला. "एक वर्ष पीक गेलं की संपलं."

"दमट हवा," वहिनी म्हणाली. "पाकिटाची शिवण कणभर सुटली तरी बिया मऊ पडतात. मऊ बी लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत."

"एखादी मोठी कंपनी आपली नक्कल करेल," पुन्हा दादा.

"आपलं पाकीट कसलं आहे, दोन वर्षांत त्यांनी आपल्यापेक्षा चांगलं केलेलं असेल!" वहिनी म्हणाली.

"बाबा, पाकिटावर 'हृदयासाठी उत्तम' असं छापलंय तुम्ही," पुतणीने पेन थांबवलं. "उद्या कोणी कोर्टात विचारलं, सिद्ध करा, तर?"

"मी जाईन की कोर्टात," अण्णा म्हणाले. "उभा राहीन. बघा म्हणावं."

"आणि लोकांना तब्येतीचाच कंटाळा आला तर?" दादाने हळू आवाजात विचारलं. हा त्याचा खरा धसका होता. "आज बिया खातायत, उद्या म्हणतील पुरे झालं, जगायचं किती!"

"मला केव्हाच आलाय," आतोबा म्हणाले, आणि खिशावर हात ठेवला.

सगळे हसले. आत्याही हसली. तिला ही माणसं अशी एका टेबलाभोवती बसलेली फार आवडत. अर्धं पान भरत आलं होतं आणि अजून कोणी कोणावर रुसलं नव्हतं, हे या घराच्या मानाने विशेष होतं.

"कच्च्या मालाची तपासणी कशी होते?" पुतणीने पुढचा प्रश्न वाचला. "यंत्राने की प्रयोगशाळेत?"

दादाने खुर्ची मागे सारली आणि बहिणीकडे असा हात केला, जसा जादूगार ससा दाखवताना करतो. "आमच्याकडे नाक आहे!"

"बाबा, असं कसं लिहू?"

"असंच लिही. अगं, तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. ही गोदामाच्या दारात उभी, पोती चाळीस. आत पाऊलही न टाकता म्हणाली, चौथ्या थप्पीतलं खालून दुसरं पोतं जुनं आहे. उघडलं, तर खवट! तो व्यापारी दुसऱ्या दिवशी पेढी सोडून हिच्या पाया पडायचा बाकी होता."

"पाचव्या थप्पीतलं," अण्णा म्हणाले.

"चौथ्या, अण्णा."

"बरं, बरं," पुतणी म्हणाली. "पण समजा, आत्याला सर्दी झाली तर?"

टेबलाभोवती पुन्हा हसू उसळलं. या वेळी आत्या हसली नाही. तिने पुढ्यातला कॉफीचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. गरम, कडू, पातळ. बाकी काही नाही.

तीन महिने झाले होते. ताप आला होता, आठ दिवसांत उतरला, आणि नवव्या दिवशी ती भट्टीपाशी उभी राहिली. ढोल उघडला, वाफ तोंडावर आली. दमट, ऊबदार आणि रिकामी. तिने आणखी वाकून पाहिलं. चेहरा भाजला, पण वास आला नाही. त्या दिवशी घरी जाऊन तिने संत्र्याची साल सोलली, साबण हुंगला, नवऱ्याचा कोट नाकाशी धरला. सगळं जग जणू काचेपलीकडे गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिन्यात येईल परत, वर्षात येईल, कदाचित येणार नाही. तिने कोणालाच सांगितलं नाही. या घरात दादाकडे वाणी होती, वहिनीकडे शिस्त होती, पोरीकडे शिक्षण होतं. तिच्याकडे नाक होतं. ते गेलं म्हणजे ती कोण, हा प्रश्न तिला रोज सकाळी पडायचा आणि रोज सकाळी ती तो कुलपासारखा बंद करून कामावर यायची.

भाजणं तिने निभावून नेलं होतं. रंग पाहायची, दाणा चावून बघायची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कान द्यायची. पण गोदामात नवीन पोती आली की ती नुसती वाकायची, नाक लावल्यासारखं करायची आणि मान डोलवायची. भाजलेला दाणा डोळ्यांना कळतो. खवट दाणा कळत नाही. तीन महिने ती चाचपडत मान डोलवत होती आणि तीन महिने एकही तक्रार आली नव्हती. देवाची कृपा, असं म्हणून ती झोपायचा प्रयत्न करायची.

"शेवटचं कलम," पुतणी वाचत होती. "'ठाऊक असूनही लपवलेली बाब पुढे उघड झाल्यास विमा रद्द समजला जाईल.' खाली आपल्या सगळ्यांच्या सह्या. आजोबा, तुमचीही."

आत्या उठली. "ढोलाची कळ बंद केलीय का बघून येते," ती म्हणाली आणि भट्टीच्या खोलीत गेली.

कळ बंदच होती. तिने उगीच ढोलावर हात ठेवला. सकाळची ऊब अजून होती त्यात.

"वन्सं."

वहिनी दारात उभी होती, केसांत नेहमीप्रमाणे पेन्सिल खोचलेली. लिंबाच्या प्रकरणापासून दोघी कामापुरतं बोलायच्या. सहा वर्षांपूर्वी वहिनीने महिनाभर खपून लिंबाच्या चवीच्या बिया केल्या होत्या, आणि आत्याने सगळ्या कामगारांसमोर एक हुंगा घेऊन 'फरशी पुसल्यासारखा वास येतोय' म्हणून त्या बाजूला सारल्या होत्या. तेव्हापासून पोती किती, पाकिटं किती, उद्या सुट्टी आहे का, एवढंच.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?" वहिनीने विचारलं.

आत्याने ढोलावरचा हात काढला. "काय सांगू?"

"उगाच कशाला, वन्सं. दुसऱ्याच आठवड्यात कळलं मला. गोदामात फिनेलचा कॅन फुटला होता. आम्ही सगळे नाक दाबून बाहेर पळालो आणि तुम्ही आत उभ्या राहून पोती मोजत होता."

आत्याला खुर्ची हवी होती. नव्हती म्हणून ती उलट्या डब्यावर बसली. "मग इतके दिवस..."

"तुम्ही मान डोलवून गेलात की मी मागून प्रत्येक पोतं उघडत होते. अकरा पोती अक्रोड परत पाठवले या तीन महिन्यांत. तुमच्या नावाने चिठ्ठी लिहून. व्यापारी म्हणतोय, बाईंचं नाक दिवसेंदिवस जास्तच तिखट होत चाललंय."

आत्याला हसू फुटलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम झाल्यामुळे तिला ठसका लागला. वहिनीने तिच्या पाठीवर हात फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही त्याच दिवशी अॅप्रन काढून घरी बसला असता. ओळखते मी तुम्हाला. आणि मग ह्यांनी भट्टीवर कोणाला उभं केलं असतं? मला! खवट मला कळतं हो, पण भाजायचं नाही कळत. जाळून टाकला असता सगळा कारखाना."

"मी तुमच्याशी इतकं वाईट वागले. त्या लिंबाच्या वेळी. रागावला असाल."

"अजून आहे की राग," वहिनी शांतपणे म्हणाली. "तो वेगळा विषय आहे. आधी चला, तिकडे सह्या करून मोकळे होतील सगळे."

दोघी बरोबर बाहेर आल्या, आणि त्या बरोबर आल्या हे पाहूनच दादाचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

आत्या बसली नाही. टेबलाची कड धरून तिने सगळं सांगितलं: ताप, रिकामी वाफ, संत्र्याची साल, डॉक्टर, पोत्यांसमोरचं खोटं मान डोलवणं. अकरा पोत्यांचंही सांगितलं. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता कोणीतरी ओरडावं म्हणजे बरं होईल.

ओरडले आतोबा. "तीन महिने!"

"चुकलं माझं. तुम्हाला तरी सांगायला हवं होतं."

"अगं, तीन महिन्यांत एकदाही म्हणाली नाहीस, मोजे बदला म्हणून! मला वाटलं, एवढ्या वर्षांनी प्रेम वाढलं!"

पुतणीने हसू दाबायला अर्ज तोंडासमोर धरला. पण दादा हसत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हे लिहायचं नाही," तो म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "चिमे, मला तुझी काळजी आहे, खरंच आहे, पण हे लिहायचं नाही. साडेतीनशे दुकानं आहेत. मी त्यांना वर्षभर नाकाच्याच गोष्टी सांगितल्यात."

"बाबा, मी आता ऐकलंय. वकील म्हणून ऐकलंय."

"मुलगी म्हणून विसर!" तो म्हणाला.

"सर्दीसारखंच आहे हे," दादाने वडिलांकडे मोर्चा वळवला. "उद्या येईल परत वास. सर्दी कोणी लिहितं का? अण्णा, तुम्ही सांगा."

अण्णा कानामागे हात धरून सगळं ऐकत होते. "लपवून एकदा धंदा केला होता मी," ते म्हणाले. "जुनं तेल लागलेल्या बिया विकल्या. कोणाला कळलं नाही. पण मला रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. वर्षभर नुसता रस्ता ओलांडत होतो. फार दमलो त्या वर्षी."

"हे कधी सांगितलं नाहीत," दादा म्हणाला.

"विचारलं कुठे कोणी? सगळे अर्ध्या पानाचेच प्रश्न विचारता."

"लिही गं," वहिनी लेकीला म्हणाली. सहसा नवऱ्याच्या विरुद्ध ती चारचौघांत बोलत नसे. "जसं आहे तसं लिही. आणि तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. अशी अकरा पोती पाकिटांत गेली ना, तर साडेतीनशे दुकानांतून एकदम तोंड काळं होईल. आता एकाच कागदावर होतंय. स्वस्तात सुटलो."

दादाने बायकोकडे जरा नव्यानेच बघितलं.

पुतणीने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "'आमच्या मालाची पारख एकतीस वर्षं एकाच व्यक्तीच्या नाकावर चालत होती. त्या नाकाला तीन महिन्यांपासून वास येत नाही.' पुढे विचारलंय, यावर उपाय काय केला?"

"उपाय वहिनी," आत्या म्हणाली.

"परत एकच माणूस, आत्या. उद्या आईला सर्दी झाली तर?"

मग वहिनीनेच गोदामातून दोन वाट्या आणल्या. परत पाठवलेल्या अक्रोडांतले मूठभर तिने पुरावा म्हणून बाटलीत ठेवले होते. तिने पाठ फिरवून एका वाटीत ते ओतले, दुसऱ्या वाटीत ताजे, आणि टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणाली, "बघू या, घरात अजून कोणाला नाक आहे."

दादा पहिला. त्याने दोन्ही वाट्या हुंगल्या, डोळे मिटले, आणि एक वाटी सगळ्यांसमोर उंच धरली. "हा! ह्याला म्हणतात अक्रोड! ह्याची पाकिटं काढा, मी महिन्याभरात..."

"तो खवट आहे," वहिनी म्हणाली.

अण्णा हसता हसता इतके वाकले की आतोबांनी त्यांना धरलं. अण्णांना दोन्ही वाट्या छान वाटल्या. या वयात सगळंच छान लागतं म्हणाले. पुतणीने बरोबर ओळखली, पण फार वेळ घेऊन, दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखी. आणि आतोबा? ज्यांनी घरचा माल जन्मात चाखला नव्हता, त्यांनी वाटीवर नुसतं झुकून बोट ठेवलं. "ही. जुन्या व्हायोलिनच्या पेटीत असा वास येतो, तेलकट, दमलेला."

वहिनीने पुन्हा वाट्या बदलल्या. पुन्हा बरोबर. पाच वेळा बदलल्या, पाचही वेळा बरोबर.

"इतकी वर्षं हे नाक केकवर वाया घालवलं तुम्ही!" आत्या म्हणाली.

"वाया नाही, रियाज होता तो."

अशा रीतीने अर्जावर वहिनी, पुतणी आणि आतोबा अशा तीन नाकांची नोंद झाली. पुढे विमावाल्यांनी अट घातली की प्रत्येक पोत्यावर दोघांची सही हवी. आणि दुकानवाल्यांनी साडेतीनशेऐवजी आधी चाळीस दुकानांतच माल ठेवून बघू म्हटलं. दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी त्याच चाळीस दुकानांच्या गोष्टी सांगत गावभर फिरू लागला. पण ते पुढचं. त्या दुपारी सह्या झाल्यावर पुतणीने पेनाला टोपण लावलं आणि सहज विचारलं, "पण आत्या, वास येत नसताना तू भाजत कशी होतीस?"

"ऐकून," आत्या म्हणाली, आणि म्हणतानाच थबकली.

एकतीस वर्षांत कितीजण तिच्याकडे शिकायला आले होते. तिने प्रत्येकाला ढोलापाशी उभं करून म्हटलं होतं, आला बघ वास, आता काढ. त्यांना कधी कळायचं नाही, आणि तिला ते सांगता यायचं नाही. वास कसा शिकवणार? पण आवाज?

"चला," ती म्हणाली. "चला सगळे. वहिनी, तो अॅप्रन घ्या."

भट्टी पेटली. ढोल फिरू लागला. भोपळ्याच्या बियांचा घमेलाभर ढीग तिने आत सोडला आणि वहिनीला ढोलाच्या अगदी जवळ ओढलं. "आत्ता कसा येतोय आवाज?"

"सरसर. पाऊस... नाही, वाळू सरकल्यासारखा."

"ओल्या आहेत अजून. थांबा."

दादा काही बोलू लागला, तेव्हा चारजणांनी एकदम त्याला गप्प केलं. मिनिटं गेली. मग एक तड झाली, मग दुसरी, मग ढोल आतून टाळ्या वाजवू लागला.

"आता?" वहिनीने विचारलं.

"अंहं. आता सगळ्या एकदम बोलतायत, तुमच्या नवऱ्यासारख्या. बोलू द्या. त्या दमल्या की एक क्षण आवाज हलका होतो, कोरडा, पोकळ. तो क्षण पकडायचा. डोळे मिटा."

वहिनीने डोळे मिटले. आत्यानेही मिटले. दोघींचे हात झाकण उघडायच्या एकाच दांड्यावर होते. तडतड दाटली, पातळ झाली, आणि मग...

"आता!"

दोघी एकदम म्हणाल्या. दांडा खाली आला, झाकण उघडलं, आणि सोनेरी-हिरव्या बिया धबधब्यासारख्या पत्र्याच्या ताटात कोसळल्या. एकही करपलेली नव्हती. आत्याने तीनदा ताट हलवून पाहिलं. एकही नाही. वहिनी स्वतःच्या हाताकडे बघत उभी होती, जणू तो दुसऱ्याचा असावा.

वाफ वर चढली. अण्णा काठी टेकत पुढे आले, पुतणी वाकली, आतोबांनी टाचा उंचावल्या. सगळ्यांनी डोळे अर्धे मिटून श्वास ओढला. आत्या त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिली. इतके दिवस हा प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

"कसा येतोय?" तिने विचारलं. "सांगा ना मला."

"गोडसर," वहिनी म्हणाली. "उन्हात ठेवलेल्या लाकडासारखा."

"लाकूड कसलं! लोण्यासारखा," दादा म्हणाला.

"बाबा, तुम्हाला बोलायचा अधिकार नाही, तुम्ही नापास आहात. आत्या, नव्या पुस्तकासारखा येतोय, गरम असतं तर."

"पुस्तक गरम कधी असतं?" दादा म्हणाला.

"तुझ्या आईसारखा," अण्णा आत्याला म्हणाले, "तव्यापाशी उभी असायची तेव्हासारखा," पण त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण आतोबा छातीवर हात ठेवून सांगू लागले होते की हा वास म्हणजे सरळ सरळ ताजा केक आहे. त्यावर वहिनी, जी आयुष्यात कधी भांडली नव्हती, ती भांडायला उठली.

"एकेकाने!" आत्या ओरडली. ताटातल्या मूठभर गरम बिया तिने तोंडात टाकल्या आणि कुरुकुरु चावल्या. "एकेकाने बोला, मला सगळ्यांचं ऐकायचंय."